खोट्या रंगांचा खरा इतिहास

  

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, नकाशे पाहिले. आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. तो आहे चित्राचे रंग बदलण्याचा. तेही लिनक्सच्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने. तुम्ही म्हणाल, हे तर नातवंडांचं काम. फोटो घेतला, आकाश निळं केलं, चेहरा उजळ केला, झालं. पण चित्राचे रंग मुद्दाम बदलण्याची ही विद्या युद्धभूमीवर वाढली, नारळाच्या बागेत आपल्याकडे आली, बेंगळुरूत बनलेल्या उपग्रहावर चढली आणि आज ती तुमच्या टेबलावर येऊन बसली आहे. तिच्याच जोरावर एखाद्या गावाचा तलाव किती बुजला, कधी बुजला हे सामान्य माणूस पुराव्यानिशी दाखवू शकतो. म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा.

तीन काचा

सुरुवात १८६१ सालापासून करू. आपल्याकडे सत्तावनचा उठाव नुकताच शमला होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एक प्रयोग करून दाखवला. रंगीत चौकटींच्या कापडी फितीचे तीन फोटो घेतले होते. तिन्ही काळे-पांढरेच. फरक एवढाच, की एक फोटो लाल काचेतून घेतलेला, एक हिरव्या आणि एक निळ्या. मग ते तीन फोटो तशाच रंगांच्या काचांमधून पडद्यावर एकावर एक टाकले आणि पडद्यावर रंगीत फीत उमटली. जगातलं पहिलं रंगीत छायाचित्र म्हणून याचं नाव घेतलं जातं.

यातली गंमत पुढे शंभर वर्षांनी कळली. त्या काळच्या काचपट्ट्यांना लाल रंग दिसतच नव्हता. मग लाल काचेतून घेतलेल्या फोटोत काही उमटलं कसं? १९६१ च्या सुमारास कोडॅक कंपनीच्या संशोधकांनी याचा छडा लावला. फितीतलं लाल कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतवत होतं आणि काचपट्टीवर त्यांचाच ठसा उमटला होता. म्हणजे पहिल्या रंगीत फोटोतला लाल खरं तर लाल नव्हताच. अदृश्य किरणांना लाल रंग देऊन दाखवलं गेलं होतं, तेही कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

आजचा सगळा विषय या एका गोष्टीत आहे. संगणकातलं प्रत्येक रंगीत चित्र म्हणजे मॅक्सवेलच्या त्या तीन काचाच आहेत. त्यांना आता चॅनल म्हणतात: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक चॅनल मुळात काळा-पांढरा, नुसत्या आकड्यांचा तक्ता. साधारण शून्य म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. कोणत्या तक्त्याला कोणत्या रंगाची काच लावायची, हे ठरवणारा माणूस असतो. काचा बदलल्या की रंग बदलले.

आमच्या बेंगळुरूत याच रंगांनी एका थोर माणसाला म्हातारपणी झपाटलं होतं. सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेलं, स्वतःची संशोधन संस्था उभी केलेली, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते फुलांचे रंग आणि माणसाची दृष्टी यावर काम करत बसले. १९६८ मध्ये त्यांनी दृष्टीच्या शरीरक्रियेवर पुस्तकच लिहिलं. तीन मूळ रंगांचा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. विज्ञान पुढे त्यांच्या बाजूने गेलं नाही, ते वेगळं. पण रंग वस्तूत असतो की बघणाऱ्यात, हा प्रश्न साधा नाही, एवढं त्यातून कळतं.

पानाचा लाल रंग

आता फौजेकडे वळू. फौजेत आम्हाला दोन गोष्टी शिकवतात: स्वतः लपायचं कसं आणि लपलेल्याला हुडकायचं कसं. जाळी टाका, हिरवा रंग फासा, झाडाच्या फांद्या खोचा. डोळ्याला तोफ दिसत नाही, झुडूप दिसतं. हवाई छायाचित्रातही झुडूपच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात यावर तोड निघाली. तिचं मूळ जुनं आहे. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लाल रंगाच्या पलीकडे न दिसणारे किरण असतात हे दाखवलं होतं. त्यांना आपण अवरक्त म्हणतो. १९१० मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने अवरक्त किरणांनी घेतलेले फोटो प्रसिद्ध केले. त्यात आकाश काळंभोर होतं आणि झाडांची पानं बर्फासारखी पांढरी. कारण असं, की पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, थोडा हिरवा परत पाठवतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. पण पानाच्या आतली जी स्पंजासारखी पेशींची रचना असते, ती अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात, जवळजवळ निम्मे, बाहेर फेकते. आपल्या डोळ्याला अवरक्त दिसत असतं, तर जंगल हिरवं न दिसता अवरक्तानेच झगमगलं असतं.

हिरव्या रंगाच्या कापडाला ही रचना नसते. ते फक्त दिसायला पानासारखं. तोडून खोचलेली फांदीही वाळू लागली की तिचं अवरक्त तेज उतरू लागतं. युद्धाच्या काळात कोडॅकने नेमकी हीच गोष्ट हेरून खास रंगीत फिल्म तयार केली. तिचा एक थर अवरक्त टिपणारा, दुसरा लाल, तिसरा हिरवा. छापताना मात्र प्रत्येकाची काच एक पायरी सरकवलेली. अवरक्त दाखवायचं लाल रंगात, लाल दाखवायचा हिरव्यात, हिरवा दाखवायचा निळ्यात. खऱ्या निळ्याला पिवळ्या फिल्टरने बाहेरच ठेवायचं. मग जिवंत झाडी भडक लाल दिसायची आणि रंगवलेलं कापड निळसर-जांभळं उघडं पडायचं. शत्रूची तोफ लाल जंगलात निळ्या डागासारखी.

पुढे रंग बनवणारे शहाणे झाले. अवरक्त परतवणारे हिरवे रंग निघाले. लपणारा आणि शोधणारा यांचा हा खेळ अजून चालूच आहे. पण ती रंग सरकवण्याची पद्धत टिकली. तिला फॉल्स कलर म्हणतात. मी खोटा रंग म्हणतो. चित्र खोटं नाही, फक्त रंग खोटा. आणि तो खोटा असल्यामुळेच खरी गोष्ट दिसते.

नारळाची बाग

ही युद्धातली विद्या भारतात आली ती नारळासाठी. केरळात नारळाच्या झाडांना रूट-विल्ट नावाचा रोग पडला होता. झाड आतून खचत जायचं, आणि पानं पिवळी पडून डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. १९७० च्या सुमारास प्राध्यापक पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर बागांचे फोटो घेतले गेले. निरोगी झाडं लाल, रोगट झाडांचा लाल उतरलेला. झाड बाहेरून हिरवं दिसत असतानाही फोटो चुगली करायचा. भारतातल्या सुदूर संवेदनाचा, म्हणजे रिमोट सेन्सिंगचा, हा पहिला प्रयोग मानतात आणि पिशारोटींना त्या शास्त्राचे भारतातले जनक.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. हे पिशारोटी म्हणजे पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. १९६२ मध्ये ती संस्था सुरू झाली, आज ती पाषाणला आहे. आणि तरुणपणी ते बेंगळुरूत रामन यांच्या हाताखाली काम करून गेले होते. कोकणात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आहेत, त्यांना हा प्रयोग जास्त कळेल. झाड वरून ठीक दिसतं, आणि आत काय चाललंय ते कळत नाही, ही धास्ती त्यांना ठाऊक आहे.

बेंगळुरूत बनलेला डोळा

हेलिकॉप्टरने एक बाग होते, देश होत नाही. त्यासाठी उंच जायला हवं. अमेरिकेने जुलै १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याने फिल्म वापरलीच नाही. जमिनीवरून येणारा उजेड वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजायचा आणि आकडे खाली पाठवायचे. आपण जून १९७९ मध्ये भास्कर-१ पाठवला. त्याच्या कॅमेऱ्याला एक किलोमीटरहून लहान गोष्ट दिसत नव्हती, पण दृश्य प्रकाश आणि अवरक्त असे दोन डोळे त्याला होते.

मग १७ मार्च १९८८. आयआरएस-१ए हा भारताचा पूर्ण क्षमतेचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह बैकोनूरहून सोव्हिएत रॉकेटवर गेला. उपग्रह बांधला इथे, बेंगळुरूत. कॅमेरे बनले अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, आणि त्या वेळी त्या केंद्राचे संचालक होते प्रमोद काळे, आपले पुण्याचे. त्या कॅमेऱ्यांना चार पट्टे दिसत: निळा, हिरवा, लाल आणि निकटचा अवरक्त. एका कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ७२.५ मीटर बाजूचा चौकोन, दुसऱ्याचा ३६.२५ मीटरचा. प्रत्येक ठिपक्याला शून्य ते १२७ यांतला एक आकडा.

उपग्रहाने रंग पाठवला नाही, आकडे पाठवले, हे लक्षात घ्या. रंग जमिनीवर आल्यावर द्यायचा. आणि द्यायचा कसा? तोच, छुपी तोफ शोधणाऱ्या फिल्मचा कित्ता: अवरक्ताला लाल, लालला हिरवा, हिरव्याला निळा. हीच आपल्याकडची प्रमाण पद्धत झाली. शेती, जंगल, दुष्काळ, पूर यांचे नकाशे या लाल चित्रांवरून निघू लागले. महाराष्ट्रात नागपूरला १९८८ मध्येच राज्याचं सुदूर संवेदन केंद्र उभं राहिलं.

फौजेने टाकलेलं, लोकांनी उचललेलं

पण ही चित्रं बघायची सोय कोणाकडे होती? महाग यंत्रं, महाग सॉफ्टवेअर, आणि चित्रंही महाग. सामान्य माणसाला दार बंद. हे दार कसं उघडलं, याचा इतिहास मला फार आवडतो. कारण त्यात पुन्हा फौज आहे.

अमेरिकन लष्कराकडे सराव क्षेत्रांची प्रचंड जमीन होती. तिची निगा राखायला, कुठे झीज होतेय, कुठे झाडी वाढतेय ते पाहायला त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं. १९८२ पासून लष्कराच्या इलिनॉयमधल्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेने ते स्वतः लिहिलं. नाव ग्रास. सरकारी पैशातून लिहिलेलं म्हणून ते लोकांना खुलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला लष्कराने त्यावरून हात काढून घेतला. इतर वेळी असं सॉफ्टवेअर मरतं. हे मेलं नाही. जर्मनी-अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या लोकांनी ते सांभाळलं, लिनक्सवर आणलं आणि १९९९ मध्ये त्याला मुक्त परवाना लावला. आजही ते वाढतं आहे. त्यात 'आर डॉट कलर्स' नावाची एक आज्ञा आहे. तिचं काम एकच, चित्राला रंगांचा नवा तक्ता लावणं. मूळ आकड्यांना ती हातही लावत नाही. ही शिस्त मला पक्की फौजी वाटते. पुराव्याला धक्का लावायचा नाही, फक्त त्यावरचा प्रकाश बदलायचा.

दुसरं सॉफ्टवेअर इमेजमॅजिक. ड्यूपाँट या रसायन कंपनीत जॉन क्रिस्टी नावाचा माणूस काम करत होता. चित्रं होती लाखो रंगांची आणि पडदे होते फक्त २५६ रंग दाखवणारे. इतके रंग तेवढ्यात बसवायचे कसे, या अडचणीतून त्याचा कार्यक्रम जन्मला. १९९० मध्ये, कंपनीच्या संमतीने, त्याने तो सगळ्यांसाठी फुकट खुला केला. त्यात माऊस लागत नाही. एक ओळ टाईप करायची आणि हजार चित्रांचे रंग एका दमात बदलायचे.

तिसरं गिम्प. बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिलं. १९९६ च्या सुरुवातीला लोकांसमोर आलं, १९९८ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघाली. लिनक्सचं ते गुटगुटीत पेंग्विन तुम्ही पाहिलं असेल. लॅरी युइंगने ते १९९६ मध्ये गिम्पच्याच सुरुवातीच्या आवृत्तीत काढलं.

बेंगळुरूने हे सगळं लवकर हेरलं. २००१ पासून इथे लिनक्सच्या मोठ्या परिषदा भरू लागल्या. आणि इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रासच्याच पायावर स्वतःची भू-माहिती प्रणाली उभी केली. २००४ मध्ये बँकॉकच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. अमेरिकन फौजेच्या सराव मैदानासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या तलावांचा हिशेब मांडू लागलं.

राहिली चित्रं. लँडसॅट-७ च्या एका दृश्याला ६०० डॉलर पडत. २००८ मध्ये अमेरिकेने १९७२ पासूनचा आपला साठा सगळ्यांना फुकट खुला करायचं ठरवलं. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटरची चित्रंही फुकट मिळू लागली. आपल्याकडे इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झालं. दार उघडलं ते असं, एकेक कडी निघत.

घरच्या संगणकावर

आता प्रत्यक्ष करून बघू. लिनक्सचा जुना-पुराणा संगणक असला तरी चालेल.

सेंटिनेल-२ चं तुमच्या भागाचं, ढग नसलेल्या दिवसाचं चित्र उतरवून घ्या. ते एक चित्र नसतं, वेगवेगळ्या पट्ट्यांच्या अनेक काळ्या-पांढऱ्या फाइली असतात. आपल्याला तीन लागतात: तीन नंबर म्हणजे हिरवा, चार नंबर म्हणजे लाल, आठ नंबर म्हणजे अवरक्त. तिन्ही दहा मीटरच्या, एकाच मापाच्या. फाइली मोठ्या असतात, म्हणून आधी तुमच्या गावापुरता तुकडा कापून घ्या. तिन्हींचा तुकडा तंतोतंत एकच हवा.

तिन्ही गिम्पमध्ये उघडा. कलर्स या यादीत कंपोनंट्स, त्यात कंपोज. तिथे गिम्प विचारतो, लालच्या जागी कोणतं चित्र, हिरव्याच्या जागी कोणतं, निळ्याच्या जागी कोणतं. लालच्या जागी आठ, हिरव्याच्या जागी चार, निळ्याच्या जागी तीन. बटण दाबा. मॅक्सवेलने काचांनी केलं तेच तुम्ही केलंत.

चित्र बहुधा काळपट येईल. कारण आकड्यांचा पल्ला मोठा असतो आणि जमीन त्याचा थोडाच भाग वापरते. लेव्हल्समध्ये जाऊन काळ्या-पांढऱ्याच्या सीमा आत ओढल्या की चित्र उजळतं. रोज करायचं असेल तर क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर घ्या. तेही फुकट आहे आणि त्यात नकाशाचे अक्षांश-रेखांश टिकून राहतात. गिम्पमध्ये ते हरवतात. नुसतं बघायला गिम्प, मोजायला क्यूजीआयएस किंवा ग्रास.

आता वाचायचं कसं? जिवंत झाडी आणि उभं पीक लाल. खोल स्वच्छ पाणी काळं, कारण पाणी अवरक्त गिळून टाकतं. गढूळ पाणी निळसर. शहर निळसर-राखाडी. उघडी माती फिकट. ढग पांढरे. फौजेत नकाशाची खूणसूची आधी पाठ करून घेतात, मगच नकाशा हातात देतात. इथेही तसंच. खूणसूची न वाचता या चित्राकडे पाहाल तर सगळीकडे आग लागलीय असं वाटेल.

बेलंदूर

खरी कसोटी आता. बेंगळुरू हे तलावांचं शहर. इथे मोठी नदी नाही. केंपेगौडाच्या काळापासून लोकांनी पाणी अडवूनच शहर जगवलं. शहाजीराजांना हे शहर जहागिरीत मिळालं, तेव्हाही त्याची तहान हेच तलाव भागवत. आज धर्मांबुधी तलावाच्या जागी मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. भारतीय विज्ञान संस्थेने १९७० च्या दशकापासूनची उपग्रहचित्रं एकामागे एक लावून दाखवलं, की बांधकामाची जमीन कित्येक पटींनी वाढली आणि पाण्याखालची निम्म्याहून कितीतरी जास्त घटली. लाल आणि काळा मागे हटत जातात, निळसर-राखाडी पुढे सरकत राहतो. युद्धाच्या नकाशावर आघाडी सरकावी तसं.

पण सगळ्यात मोठा धडा बेलंदूरचा आहे. शहराच्या आग्नेयेचा हा तलाव सुमारे ९०० एकरांचा. आयआरएस-१ए च्या ७२.५ मीटरच्या चित्रात तो जेमतेम ७०० ठिपक्यांचा होईल. सेंटिनेलच्या चित्रात ३६ हजारांहून जास्त. शहराचं सांडपाणी त्यात येत राहिलं. पाण्यावर फेसाचे डोंगर उठले, वाऱ्याने रस्त्यावर आले. तलावाला आग लागली. पाण्याला आग! २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. १९ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा आग लागली तेव्हा शेजारच्या लष्करी केंद्रातले जवान ती विझवायला उतरले. शत्रू नाही, सीमा नाही; तलाव विझवायला फौज.

त्या वर्षांतला बेलंदूर खोट्या रंगांत कसा दिसायचा? मोठा भाग लालभडक! सगळ्या चित्रातला सगळ्यात टवटवीत, सगळ्यात निरोगी लाल. कारण पाण्यावर जलपर्णी माजली होती. उपग्रह खोटं बोलला नाही. तिथे जोमदार हिरवळ होती हे खरंच आहे. पण न जाणणारा म्हणेल, वा, शहराच्या मधोमध केवढं सुंदर उद्यान! चित्रातला लाल म्हणजे चांगला, असं समीकरण डोक्यात बसलं की गुदमरणारा तलाव बाग वाटतो. तिथे काळा असायला हवा होता. काळा म्हणजे पाणी. जागा कोणती आहे हे माहीत नसेल, तर रंग कितीही बरोबर असला तरी अर्थ उलटा लागतो. पुण्यात मुळा-मुठेवर, कोल्हापुरात पंचगंगेवर जलपर्णी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लोणार

याची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसली. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, फोटो फोनवर फिरू लागले आणि पुष्कळांची पहिली शंका हीच होती, की कोणीतरी संगणकावर रंग बदललाय. बदलला नव्हता. नासाच्या लँडसॅटच्या मे आणि जूनच्या चित्रांत, साध्या नैसर्गिक रंगांत, हिरवट तळं गुलाबी झालेलं स्पष्ट दिसलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं.

आता गंमत बघा. हेच गुलाबी पाणी आपल्या लाल-झाडीच्या पद्धतीत टाकलं तर हिशेबाने ते हिरवटाकडे झुकेल, कारण पाण्याचा लाल आपण हिरव्याच्या जागी नेतो. म्हणजे लोणारसाठी नैसर्गिक रंग हवेत, नारळासाठी खोटे रंग हवेत. प्रश्न बदलला की काच बदलायची.

पुरावा आणि देखावा

मित्रांनो, आता मुद्द्यावर येतो. दार उघडलं तसं दोन प्रकारचे लोक आत आले. एक जे रंग बदलून लपलेलं दाखवतात आणि दुसरे जे रंग बदलून असलेलं लपवतात. हत्यार दोघांचं एकच. तुमच्या गावच्या तळ्याचं 'तेव्हा आणि आता' असं जोडचित्र कोणी दाखवलं, तर चार गोष्टी विचारा.

पहिली, दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली आहेत का? नोव्हेंबरचं भरलेलं तळं आणि मेचं आटलेलं तळं शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. दुसरी, पट्ट्यांची मांडणी दोन्हींत तीच आहे का? एकीकडे नैसर्गिक रंग आणि दुसरीकडे खोटे, असं करून हिरवं रान क्षणात नाहीसं करता येतं. तिसरी, उजेड-काळोखाच्या सीमा दोन्हींत सारख्या ओढल्यात का? एका चित्राचे रंग ताणले आणि दुसऱ्याचे नाही, तर उजाडपणा हवा तेवढा वाढवता येतो. चौथी, मूळ आकडे कुठे आहेत? उपग्रहाचं नाव, तारीख, दृश्याचा क्रमांक मिळाला, की तुम्ही घरी बसून तेच चित्र स्वतः बनवू शकता. जो हे देत नाही, त्याचं चित्र देखावा समजा.

आणि स्वतः चित्र बनवत असाल, तर मूळ फाइलींना हात लावू नका. प्रत काढा, प्रतीवर काम करा, आणि प्रत्येक पायरी वहीत लिहून ठेवा. लिनक्सच्या आज्ञांचा हा फायदा आहे: जे टाईप केलं ते शिल्लक राहतं, दुसऱ्याला देता येतं, त्याने चालवलं की तेच चित्र निघतं. माऊसने ओढाताण करून काढलेलं चित्र सुंदर असेल, पण त्याची साक्ष कोण देणार? तलावाची लढाई शेवटी कागदावर लढली जाते, तिथे सुंदर चित्रापेक्षा पुन्हा काढता येणारं चित्र उपयोगी.

सगळ्यात शेवटी जागेवर जा. फौजेत हवाई छायाचित्र कितीही स्पष्ट असलं तरी गस्त पाठवतातच. आकाशातून काय आहे ते दिसतं, का आहे ते नाही. चित्रात लाल दिसलेली ती कड पीक आहे, की बाभूळ, की जलपर्णी, हे काठावर उभं राहिल्यावरच कळतं.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या गावाजवळचं एक तळं, धरण किंवा नदीचा वळसा निवडा. एकाच महिन्याची, दहा वर्षांच्या अंतराची दोन चित्रं घ्या. सेंटिनेलचा साठा मागे पुरला नाही तर दोन्ही लँडसॅटची घ्या. वर सांगितलं तसे रंग लावा. काळा किती उरला, लाल किती वाढला, तो लाल कशाचा आहे, हे बघा आणि कळवा. तुमच्या चित्रांसोबत उपग्रहाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

पुढच्या भागात आपण जुन्या हातनकाशांकडे वळणार आहोत. तोवर रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.